डबा सांभाळणारी वत्सला

बातमी आली तेव्हा मी वत्सलाच्याच खुर्चीवर बसले होते. आमच्या हॉस्पिटलच्या रुग्ण समितीची बैठक सुरू होती. रुग्णांच्या वतीने बोलायला दर वेळी वत्सला जायची, पण गेले काही महिने तिच्याने उठवत नव्हतं, म्हणून तिने मला पिटाळलं होतं. "माह्या जागी तू जाय, सुमन. अन् गप्प नको बसू. गप्प बसणाऱ्याले तिथं फक्त बिस्किट भेटते." मी त्या दिवशी बिस्किटापर्यंतच पोचले होते. केमो देतात त्या डे-केअरमधल्या पंख्यांवरून चर्चा चाललेली, आणि मांडीवरचा फोन थरथरला. तिचा मुलगा प्रशांत होता. "काकी, मम्मी नहीं रही." एवढंच. मी उठून बाहेर आले, ओपीडीसमोरच्या बाकावर बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की हा तोच बाक, वत्सलाचा.

वत्सलाची आणि माझी ओळख याच हॉस्पिटलात झाली. दोघींनाही स्तनाचा कॅन्सर, दोघींची केमो एकाच वारी, शेजारशेजारच्या खाटांवर. मी ब्राह्मणपाऱ्यातली, नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे विदर्भातून इकडे रायपूरला आलेली. ती गुढ़ियारीची, नवरा रेल्वेत. तिथल्या बुद्धविहाराच्या महिला मंडळात ती वर्षानुवर्षं बोलत आलेली, त्यामुळे कुणाच्या बापाला भ्यायची नाही. पहिल्याच दिवशी सलाईन लागायच्या आधी तिने मला विचारलं, "तुले तुही बिमारी कोणी सांगतली?" मी म्हटलं, नवऱ्याने, तीही अर्धीमुर्धी. ती हसली. "बरी तरी आहेस. मले तर झाडूवालीनं सांगतली." मग तिने जे सांगितलं, ते पुढे ती प्रत्येकाला सांगत राहिली. रिपोर्ट आले त्या दिवशी नवरा आणि भाऊ डॉक्टरांच्या खोलीत गेले, आणि हिला म्हणाले, तू बाहेर बस, डब्याकडे लक्ष ठेव. तीन पुडांचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन ही बाकावर बसली. आत हिची छाती काढायचं ठरत होतं आणि बाहेर ही भाजीचं तेल साडीला लागू नये म्हणून डबा सरळ धरून बसली होती. फरशी पुसणाऱ्या बाईने आतलं ऐकलं असावं. जाता जाता ती म्हणाली, "दीदी, घबराना मत, ऑपरेशन के बाद ठीक हो जाते हैं." कसलं ऑपरेशन, ते वत्सलाला तिथे कळलं.

आमच्या घरांमधून ही रीतच आहे. या आजाराचं नाव घ्यायचं नाही, 'गाठ' म्हणायचं, फारच झालं तर 'मोठी बिमारी'. बायांना सांगायचं नाही, म्हाताऱ्यांना तर नाहीच. झाकली मूठ म्हणत म्हणत सगळं घर मूठ आवळून बसतं, आणि ज्याचं दुखतं तो एकटाच उघडा पडतो. वत्सलाचा नवरा बिचारा प्रेमळ माणूस. तो गेला तोवर त्याला कळलं नाही की बायको त्या बाकाचा राग का धरून आहे.

तिने त्या रागाचं लोणचं घातलं नाही, हे तिचं मोठेपण. दोघी बऱ्या झालो. मी देवळात नारळ फोडून घरी बसले. ही मात्र दर आठवड्याला हॉस्पिटलात जायची आणि त्या बाकावर बसलेल्या बायांशी बोलायची. पुढे हॉस्पिटलने रुग्ण समिती काढली. दाखवण्यापुरतीच असावी, असा मला आजही संशय आहे. त्यांना टाळ्या वाजवणारा पेशंट हवा होता आणि मिळाली वत्सला. तिने पहिल्याच बैठकीत खुर्ची मागितली. डॉक्टरांच्या टेबलाशी नातेवाइकासाठी खुर्ची होती, पेशंटसाठी तपासायच्या पडद्याआड एक स्टूल. खुर्ची पेशंटला द्या, ती म्हणाली. मोठे डॉक्टर समजुतीने बोलले, "वत्सला जी, घरवाले ही हाथ जोड़ते हैं कि मरीज़ को मत बताइए. कुछ मरीज़ भी सुनना नहीं चाहते." त्यावर ही म्हणाली, "तो मरीज़ से पूछिए ना साहब! कितना सुनना है, और किसके सामने सुनना है. बस, दो सवाल." खुर्ची आली. दोन प्रश्न यायला बराच काळ लागला, पण तेही आले. रायपूरच्या एका हॉस्पिटलातल्या एका खोलीत आज डॉक्टर पेशंटला हे दोन प्रश्न विचारतात, ते वत्सलामुळे. मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

आणि मग तिचा आजार उलटला. पाठ दुखते म्हणून सुरू झालं, स्कॅन झालं. रिपोर्ट सांगायच्या दिवशी मी आणि प्रशांत तिच्यासोबत होतो. नवरा गेल्यावर ती प्रशांतकडे तेलीबांध्याला राहायला आली होती. एकुलता एक पोरगा, नवा रायपूरला नोकरी, आईवर जीव. तिघेही आत गेलो. ती तिच्या खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि तिचेच दोन प्रश्न तिला विचारले. "वत्सला जी, कितना सुनना है? किसके सामने?" प्रशांत तिच्या पाठीमागे उभा होता आणि डॉक्टरांना मानेने 'नको, नको' खुणावत होता. त्याला वाटत होतं आईला दिसत नाही. समोरच्या कपाटाच्या काचेत तिला सगळं दिसत होतं, मलाही दिसत होतं. ती क्षणभर त्या काचेकडे पाहत राहिली. मग उठली. "बेटे को बताइए, साहब. मैं बाहर बैठती हूँ." तिने प्रशांतच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि बाहेर आली.

मी तिच्या मागे धावले. भडकलेच होते. "काहून वो, वत्सला? साऱ्या दुनियेले आत बसवलं अन् तू बाहेर?" ती बाकावर बसली, डबा मांडीवर घेतला. "मले कोणी हाकललं नाही सुमन. मले विचारलं. मी आली." मग हळूच म्हणाली, "मले काय समजत नाही? किती जणींचे स्कॅन पाह्यले मी. पण पोट्ट्याचं तोंड पाह्यलं का तू? मले काही माहीत नाही असं त्याले वाटते, त्या एका गोष्टीवर तो उभा आहे. तेही काढून घेतलं तर पडन तो." तिने माझा हात दाबला. "त्याले कधी सांगू नको. शपथ आहे तुले." मी शपथ घेतली. तेव्हा मला वाटलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, मायलेकरं आपसूक बोलतील.

बोलली नाहीत. प्रशांतचा चौथ्या मजल्यावरचा तो फ्लॅट, बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली जाळी, त्या जाळीतून दिसणारा तलाव, आणि आत आम्ही तिघं. तिघांनाही माहीत, आणि तिघांनीही तोंडाला कुलूप लावलेलं. "विटामिन कम है काकी, बस कमज़ोरी है," प्रशांत मला सांगायचा, आई ऐकेल अशा बेताने. "हव, कमजोरीच आहे," ती म्हणायची, त्याला ऐकू जाईल अशा बेताने. मी मुगाची पातळ खिचडी डब्यात घेऊन जायची आणि दोघांच्या मध्ये बसून तलावाच्या पाण्याबद्दल बोलायची. आपलेच दात आपलेच ओठ, दोष कुणाला देणार? मधूनच तिचा फोन वाजायचा. कुणी नवी पेशंट असायची. वत्सला आवाज खाली आणून सांगायची, "बाहर मत बैठना बहन. अंदर जाओ, कुर्सी पर बैठो, खुद पूछो." तेवढ्यात प्रशांत खोलीतून यायचा, "मम्मी, आराम करो ना," आणि फोन काढून घ्यायचा. ती मुकाट्याने देऊन टाकायची. मला त्या वेळी त्या फ्लॅटमधून पळून जावंसं वाटायचं, खरंच सांगते. आणि मी तर संध्याकाळी घरी जाऊ शकत होते.

एकदाच तिने दार उघडायचा प्रयत्न केला. तिची थोरली बहीण तुमसरला असते, गुडघ्यांमुळे तिला येणं जमत नाही. वत्सला म्हणाली, "प्रशांत, मले तुमसरले घेऊन चालतो का रे? एक दिवस." तो हसून म्हणाला, "अभी कहाँ मम्मी, पहले ठीक हो जाओ. दिवाली में चलेंगे, गाड़ी से." आता काय बोलणार ती? दिवाळीपर्यंत मी नसेन, हे म्हणायची सोय तिने स्वतःच बंद करून ठेवली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी टोकावर. तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि त्याला म्हणाली, "हव. दिवाळीले जाऊ." दिवाळी यायच्या आधीच ती गेली. बहिणीला शेवटचं भेटणं राहून गेलं.

मागच्या आठवड्यात प्रशांत माझ्याकडे आला. माझा खिचडीचा डबा त्यांच्याकडेच राहिला होता, तो परत करायला. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. वत्सलाने पोराला तेवढं शिकवलं होतं, त्याने त्यात साखर भरून आणली होती. मी आत ये म्हटलं तरी तो दारातच उभा. डबाही देईना. "काकी, एक बात पूछनी थी... मम्मी को पता था क्या?"

एकीकडे तिची शपथ. दुसरीकडे हे पोर, आपल्याच आईच्या गोष्टीच्या बाहेर उभं, हातात डबा धरून. नाही म्हणाले असते तर तो जन्मभर त्या बाकावर बसून राहिला असता. मी त्याला विचारलं, "प्रशांत, तुले किती ऐकायचं आहे? अन् इथंच ऐकतो का, माह्यासमोर?" तो चमकला. ते दोन प्रश्न त्याने ओळखले. मग चपला काढून आत आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "पूरा, काकी."

मी सगळं सांगितलं. कपाटाच्या काचेचंही सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता, मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी सरळ धरून. सांगून झाल्यावर त्याने मान वर केली.

"तो तुमसर... वो इसीलिए बोल रही थी?"

खोटं बोलता आलं असतं. तेवढ्यापुरतं तरी बोलावं, असं फार वाटलं.

"हव," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातून डबा काढून घेतला.