खुडूकबाई

गोष्ट सांगताना बाई पदराचे काठ धरून दोन्ही हात पसरत. कडब्याच्या गंजीला आग लागली, कोंबडीनं पिल्लं पंखाखाली घेतली, ती जळून गेली आणि पिल्लं जिवंत निघाली. "आपला प्रभू असाच वधस्तंभावर पसरला, लेकरांनो," म्हणताना त्यांचा आवाज दर वर्षी तिथंच कापायचा. छावणीतल्या आमच्या संडे स्कूलमध्ये ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. अंडी उबवत बसणाऱ्या खुडूक कोंबडीवरून बाईंना खुडूकबाई हे नाव मीच ठेवलं, हेही सगळ्यांना माहीत होतं. बाईंनाही.

"खुडूक तर खुडूक. ऊब तर असती ना तिच्यापाशी?" असं म्हणून त्या बिडकीनहून एसटीनं आणलेल्या शेंगा वाटू लागत.

मी जरा आगाऊच होते. दर वेळी विचारायचे, "बाई, पण आग कोणी लावली?"

"गोष्टीत त्याचं नाव नाय घेत," एवढंच उत्तर मिळायचं. मला ते मुळीच पटत नसे.

दहा वर्षांची असताना नाताळच्या नाटकात मी देवदूत झाले. पुठ्ठ्याचे, चमकी लावलेले पंख. तालमीनंतर टेबलावरच्या स्टोव्हवर चहाचं पातेलं उकळत होतं. "आधी पंख काढ गं, मग इकडं ये," बाईंनी दोनदा बजावलं. मला मिरवायचं होतं ना! गर्रकन वळले आणि पंख पातेल्याला लागला. खाली धाकटी मुलं बसली होती. बाई त्यांच्यावर ओणव्या झाल्या आणि सगळा चहा बाईंच्या उजव्या खांद्यावर, हातावर सांडला.

चर्चच्या कमिटीनं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माझाच पदर अडकला." निष्काळजीपणा म्हणून इतक्या वर्षांचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. मी आईच्या मागे उभी होते. तोंडातून ब्रही काढला नाही. पुढे त्या दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत, आखडलेला हात पदराखाली झाकून. मला पाहून हसत. मी दुसऱ्या दारानं बाहेर पडायचे.

कबूल करायला मला वीस वर्षं लागली. गेल्या उन्हाळ्यात बिडकीनला गेले, तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या.

"बाई, पातेलं माझ्या पंखानं पडलं."

"ठाऊक हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"किती येळा सांगू गं? गोष्टीत त्याचं नाव नाय घेत." डाव्या हातानं त्यांनी माझी हनुवटी धरली. "आता रडू नको. जेवून जा."

जेवले मी. निर्लज्जासारखी पोटभर जेवले. पंधरा दिवसांत बाई गेल्या.

आता तो वर्ग माझ्याकडे आहे. या उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधी मी पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली. माझे दोन्ही हात सरळ पसरतात. गोष्ट संपली तशी पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "टीचर, पण आग कोणी लावली?"

बाईंचं उत्तर ओठावर आलं होतं. दाराशी कमिटीचे म्हातारे सेक्रेटरी उभे होते, बाईंचा वर्ग काढून घेणारे तेच.

"मी," मी म्हटलं.