उलट्या गाड्यांचं पान

आमची ग्रिसेल्दावहिनी मयताला गेली तरी आधी स्वतःची ओळख करून देते. मी ग्रिसेल्दा, इंटरनेटवरच्या विश्वकोशाची संपादक; म्हणजे हौशी हं, फावल्या वेळची, पगारबिगार काही नाही. रडणारी विधवा रुमाल बाजूला करून म्हणते, बरं बरं, बस.

वहिनीचं बटणांचं दुकान आहे. सान ओनोफ्रे गावात माणसं किती आणि त्यांची बटणं तुटून तुटून तुटणार किती, तेव्हा फावला वेळ म्हणजे जवळजवळ सगळाच वेळ. त्यात ती विश्वकोशातल्या चुका सुधारत बसते. फार मोठं काही नाही. कुठे स्वल्पविराम घालते, सुरुबी माशाच्या पानावर कुणी डोराडो माशाचा फोटो डकवला असेल तर तो काढते. चूक दिसली की तिच्या हाताला खाज सुटते. माझा भाऊ अनिबाल सांगतो, की लग्नात तिनं पाद्रीबाबांनाही मध्येच थांबवून दुरुस्त केलं होतं. मी तिथे होते. खरं आहे.

तिचं दुखणं एकच. जन्म राजधानीतला, असुन्सिओनचा. लग्न होऊन आली, दोन मुली वाढवल्या, केस पांढरे झाले, पण गावाच्या लेखी ती अजून राजधानीवालीच. आमच्याकडे सान ओनोफ्रे संताच्या सणाला बैलगाड्यांची उलटी शर्यत असते. बैल मागे सरकतात, गाडी पुढे जाते आणि गाडीवान तिसरीकडेच बघून शिव्या देतो. का, ते कुणालाच माहीत नाही. डॉन सिरिलो, आमचा सगळ्यात जुना गाडीवान, म्हणतो की सरळ काय, कुणीही जातं. त्या शर्यतीत वहिनीला आजवर कुणी साधं चाकाला हात लावायलाही बोलावलेलं नाही. म्हणून तिनं ठरवलं, या शर्यतीवर विश्वकोशात पान लिहायचं.

"हे पान एकदा झालं ना तेओफिला," ती मला म्हणाली, "की मला परकी म्हणायची कुणाची छाती होणार नाही."

मी पडले नणंद. मी हसले. ती हसली नाही, तेव्हा मला कळलं की हिला हे खरंच हवंय.

पान झालं, आणि चारच दिवसांत त्याच्यावर संक्रांत आली. 'दक्षिणेची पाकोळी' असं नाव घेतलेल्या कुणा दूरदेशीच्या संपादकानं वर पाटी लावली: अशा शर्यतीचा छापील पुरावा नाही, कुणीतरी थट्टा केलेली दिसते, पान काढून टाकावं, आठवडाभरात आपापलं मत द्या. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. बातमी पाववाल्या बोनिफासियाच्या भट्टीपर्यंत पोचली तोवर राईचा पर्वत झाला होता. चिपा, आमची चीजची पावरोटी, विकत घेणाऱ्या प्रत्येकाला बोनिफासिया सांगत होती, की सरकार आपलं गावच रद्द करतंय.

मग काय, भर दुपारी सगळं गाव बटणांच्या दुकानात. दुपारची झोप सोडून! आमच्याकडे घराला आग लागली तरी लोक उन्हं उतरायची वाट बघतात. वहिनीनं समजावलं, मत कुणीही देऊ शकतं, फक्त स्वतःचं खातं उघडायचं आणि आधी आपली ओळख लिहायची. तिथली रीत आहे ती. कॉम्प्युटर एकच, तिचा. ओसरीवर तेरेरेचं, आमच्या गार पाल्याच्या चहाचं, रिंगण बसलं. शिंगाचा पेला एक, नळी एक, थंड पाणी ओतायला मी. पेला ज्याच्याकडून पुढे जाई, तो उठून कीबोर्डसमोर बसे. डॉन सिरिलोची पाळी पहिली. त्यानं विचारलं, ओळख म्हणजे लिहू काय? वहिनीनं मासला म्हणून स्वतःची ओळख उघडून दाखवली आणि बर्फ आणायला आत गेली.

चूक झाली ती इथे. डॉन सिरिलोनं एका बोटानं, जीभ बाहेर काढून, मासला जसाच्या तसा उतरवला. पुढच्यानं त्याचा पाहिला. बोनिफासियानं पुढच्याचा. पेला फिरत राहिला, हसणं-खिदळणं चालू, आणि मीही लिहिलं. मला वाटलं, तिथला काही मंत्रच असेल.

सकाळी वहिनीचं खातं बंद. एकाच कॉम्प्युटरवरून एकच ओळख इतक्यांदा आली म्हणून सगळ्यांचीच बंद. खाली निकाल लिहिलेला. तो वाचून ती तशीच घरातल्या सपाता घालून चौकात आली.

"डॉन सिरिलो, तुम्हाला दोन मुली कधी झाल्या?"

डॉन सिरिलो जन्माचा ब्रह्मचारी. तो म्हणाला, "मासल्यात होत्या. मी म्हटलं, लागत असतील."

"आणि बोनिफासिया, तुमचा जन्म असुन्सिओनचा?"

राजधानीचं नाव निघालं की थुंकणारी बोनिफासिया लाल झाली. तेवढ्यात कळलं की गावातल्या प्रत्येकानं हेच लिहिलंय: जन्म असुन्सिओनचा, पण मी सान ओनोफ्रेची, दोन मुली, बटणं विकते. अख्खं गाव बटणं विकणारं! आधी मी फुटले, मग अनिबाल, मग कुणीच कुणाला आवरेना. पाद्रीबाबा कारंज्याच्या कठड्यावर बसून पोट धरून हसत होते. त्यांनाही दोन मुली होत्या.

हसून झाल्यावर वहिनी डोळे पुसत म्हणाली, की आक्षेप नोंदवता येतो. ही माणसं वेगवेगळी आहेत एवढं पटवलं तर खातं उघडेल, पानही कदाचित वाचेल. ती लिहायला दुकानात बसली, आम्ही दारात गर्दी करून उभे.

"निकालात नेमकं काय म्हटलंय ते तरी वाच, पोरी," डॉन सिरिलो म्हणाला.

तिनं वाचलं. "ग्रिसेल्दा आणि सान ओनोफ्रेचे हे सर्व लोक ही एकच व्यक्ती आहे, यात शंका नाही."

बोनिफासियानं हातातली गरम चिपा मोडली आणि अर्धी वहिनीपुढे ठेवली.

"मग?" डॉन सिरिलोनं विचारलं. "यात चुकीचं काय आहे?"

वहिनीनं आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. पान गेलं तरी शर्यत होणारच होती, बैलांना कुठे वाचता येतं. पण ते वाक्य धडधडीत चूक होतं, आणि ही बाई एक स्वल्पविरामसुद्धा चुकीचा राहू देत नाही. तिचे हात कीबोर्डवर आले. मला तिच्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

तिनं काही न लिहिताच आक्षेपाचा चौकोन बंद केला आणि चिपा खायला घेतली.