गालाच्या पेशी

मी हे लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कागदावर अंगठेच उमटत आले. दादा चौथीपर्यंत शिकला, त्याला सही यायची, एवढंच. मला लिहायची सवय आहे ती प्रयोगवहीची: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. त्यातलं एक अनुमान चुकलं आणि ते मी कुठल्याच वहीत लिहिलं नाही. म्हणून हे धाडस.

साठच्या दशकाची शेवटची वर्षं होती. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि आमच्या कुंभवलीतले बरेच जण तिथे मजुरीला जायचे. दादाचं काम त्यातल्या त्यात मानाचं. मोजणीचे साहेब तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघत आणि दादा लांबवर आकड्यांची पट्टी उभी धरून राही. साहेबांनी हात हलवला की त्याने सरकायचं. "दुर्बिणीत सगला उलटा दिसतो," तो घरी येऊन सांगायचा, "पन मापात चूक नाय. साहेब चुकंल, दुर्बीण नाय चुकायची."

मी बोईसरहून गाडीने पालघरला जायचो. कॉलेज नुकतंच निघालं होतं, मी सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप मोजकेच होते आणि ते खिडकीपाशी ओळीने मांडलेले असत. त्यांना दिवा नव्हता. खालचा आरसा फिरवून आभाळाचा उजेड वर घ्यायचा. ढग आला की सगळे माना वर करून थांबायचे. आरशाची एक बाजू सपाट, एक खोलगट. वर काच ठेवायचा मंच, त्याला दोन चिमट्या. त्याच्यावर फिरत्या चकतीत भिंगं. मोठ्या स्क्रूने नळी खाली आणायची ती बाजूने बघत, डोळा लावून नाही, नाहीतर भिंग काचेवर आपटतं. मग बारीक स्क्रूने चित्र स्वच्छ करायचं. हे सगळं मी दादाला चुलीपाशी कोळशाने जमिनीवर काढून दाखवलं होतं.

"तुज्या दुर्बिणीत पन उलटाच दिसतो?" त्याने विचारलं.

"उलटंच दिसतं."

"मंग खरी हाय," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात दादाला खोकला लागला. होळी झाली तरी हटला नाही. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, पट्टी धरलेला हात हलायचा. वहिनीने त्याचं ताट-पेला वेगळा ठेवायला सुरुवात केली. मुकादम म्हणाला होता, खोकणाऱ्यांनी दवाखान्याचा कागद आणल्याशिवाय गेटाच्या आत यायचं नाही.

"दवाखान्यात गेलो नि कायतरी निंगाला, तर पट्टी दुसऱ्याच्या हातात जाईल," दादा मला म्हणाला. "तू आदी बघ. तुज्याकडं दुर्बीण हाय. तू सांगशील ते खरा."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आजवर दादाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि लपवून काय करू, मला बरंही वाटलं होतं.

शाईच्या रिकाम्या बाटलीत त्याची थुंकी घेऊन, रुमालात गुंडाळून मी ती पालघरला नेली. त्याच आठवड्यात आम्ही गालाच्या पेशींचा प्रयोग केला होता. गालाच्या आतून काडीने खरवडायचं, काचेवर पसरायचं, मिथिलिन ब्लूचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची. मी थुंकीचंही तसंच केलं. मला येत होतं ते तेवढंच. छोट्या भिंगाखाली, मग मोठ्या भिंगाखाली काच जराजराशी सरकवून पाहिली. निळ्या पेशी, निळे धागे. जंतू म्हणून ओळखावं असं काही नाही. खरं तर जंतू कसे दिसतात हेही मला ठाऊक नव्हतं. दिसले की कळेलच, असं धरून चाललो होतो.

सर मागे येऊन उभे राहिले. "काय बघतोस?"

"गालाच्या पेशी, सर."

त्यांनी वाकून डोळा लावला. घरात क्षय आहे असं कळलं तर उद्यापासून माझ्या शेजारी कोण बसेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता. दादाचा नव्हता.

"गचाळ झालंय," सर म्हणाले. "चूळ भरून पुन्हा घे."

मी काच धुऊन टाकली. संध्याकाळी दादा ओट्यावर वाट बघत बसला होता.

"काय नाय ना?"

"काही दिसलं नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. त्याने ऐकलं ते वेगळं, आणि मी ते तसंच राहू दिलं. त्या रात्री वहिनीने त्याचं ताट पुन्हा आमच्या ओळीत मांडलं. मुकादमासमोर खोकला दाबून दादा कामावर जात राहिला.

पुढच्या सत्रात सर जंतूंना रंग देण्याच्या पद्धती शिकवत होते. क्षयाच्या जंतूवर मेणासारखा थर असतो, साधा निळा रंग तो घेतच नाही. त्याला तांबडा रंग तापवून पाजावा लागतो, मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळ्यांचा तांबडा जातो, त्याचा तेवढा राहतो. मग निळा द्यायचा. आणि बघायचं ते तेलाच्या भिंगाने. काच आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब नसला तर उजेड बाहेर फाकतो आणि एवढं बारीक काही दिसत नाही. "नुसत्या निळ्यात शोधाल तर जन्मभर सापडणार नाही," सर म्हणाले. वर्ग हसला. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. अक्षर अजून तसंच आहे.

त्या दिवशी घरी जाऊन सांगायचं ठरवलं होतं. दादा शेजाऱ्याला सांगत होता, "आमच्या घरात डाक्टर तयार होतो हाय, दुर्बिणीतनं बघून सांगला त्यानं." मी आत गेलो. दुसऱ्या दिवशी कसंबसं म्हणालो, "दादा, एकदा दवाखान्यात दाखव."

"का? तूच बघितलास ना?"

"बघितलं. पण..."

"मंग झाला."

त्या 'पण'च्या पुढचं माझ्या तोंडून निघालं नाही. रोज एकाच छपराखाली झोपत होतो. रोज उद्यावर टाकत होतो. श्रावणात साइटवरच त्याच्या तोंडातून रक्त आलं तेव्हा सांगायचं काही उरलं नव्हतं. मुंबईच्या इस्पितळात तो अठरा दिवस होता.

दिवाळीच्या आधी त्याची जेवणाची पिशवी आणि चपला आणायला मी तारापूरला साइटवर गेलो. तिथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला हाक मारली. घाटावरचा माणूस, वयस्क.

"पट्टीवाल्याचा भाऊ ना तू? कॉलेजातला?"

मी मान हलवली.

"चैत्रात मी त्याला थुंकी तपासायची चिठ्ठी दिली होती. मुकादमाला कळू देणार नाही, असंही सांगितलं होतं. दोनदा दिली. दोन्ही वेळा हसत परत केली त्याने. म्हणाला, धाकट्याने बघून झालंय, त्याच्यावर तुम्ही काय बघणार?" त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "क्षयावरच्या सुया होत्या रे आमच्याकडे. तेव्हा आला असता तर वाचला असता."