नळदुर्गच्या वाटेवरचं लाल लुगडं

नरसम्मा आत्या गेली. काल दुपारी, जेवून, हात धुऊन.

"आत्म्याला शांती लाभो" असे मेसेज येतायत. पाठवा. पण तिला शांतता कधी मानवली नाही. मांजर गप्प बसलं तरी ती त्याला विचारायची, "काय झालं रं तुला?"

तिचं वय विचारू नका. "नळदुर्गच्या सहलीला गेलो तवा मी परकर नेसत हुते," एवढंच उत्तर मिळायचं. म्हणजे एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात इंग्रज, नळदुर्गात निजाम.

ती सहल आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालीय की मीही त्या मोटारीत होते असं मला वाटतं.

आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, सुताचे रंगारी. घरात तेलुगू, धंद्यात मराठी. सूत रंगवायची स्वतःची भट्टी नुकतीच टाकलेली. ज्या शेठच्या मागांना ते सूत रंगवून द्यायचे, त्या शेठनी श्रावणात एक सर्व्हिस मोटार, म्हणजे तेव्हाची बस, ठरवली आणि आपल्या विणकर-रंगाऱ्यांना बायकापोरांसकट नळदुर्गचा धबधबा दाखवायला काढलं.

दिवाळीचं सूत कोण रंगवणार, हे शेठ त्याच आठवड्यात ठरवणार होते. ते काम मिळालं तर आजोबांची भट्टी चालणार. नाही मिळालं तर भट्टी बंद, आणि आजोबा मिलमध्ये नोकरीला.

म्हणून आजीनं मुद्दाम आजोबांच्या नव्या लाल रंगाचं लुगडं नेसलं. आत्याचा परकरही त्याच सुताचा. आजच्या भाषेत ब्रँडिंग.

सोलापूर सोडलं आणि पाऊस लागला. हिरवे माळ, बाजरीची शेतं, टेकड्यांवर उतरलेले ढग. आमच्याकडच्या माणसांना एवढा पाऊस एकदम बघायची सवय नाही. सगळे बाहेर माना काढून बसलेले.

मग ओढ्याला पाणी आलं आणि मोटार अलीकडंच थांबली. छत ताडपत्रीचं. गळायला लागलं.

आणि शेठाणींच्या हिरव्या साडीचा रंग शेठच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उतरला.

ती साडी दुसऱ्याच रंगाऱ्याची. हसायची तर कुणाची छाती नव्हती.

शेठ भडकले. "सगळे रंगारी एका माळेचे मणी," असं म्हणून आजोबांकडं वळले. "तुमचा लाल बी असाच का हो?"

आजोबांना खोटं बोलता यायचं नाही. धंद्यात हा मोठाच प्रॉब्लेम. "नवा रंग हाय शेठ. अजून पुरतं पाणी दावलं न्हाय त्येला. घरी गेल्यावर बघू की."

"म्हंजे जाणार," शेठ म्हणाले.

आजीनं आत्याचा हात धरला आणि दोघी मोटारीतून खाली उतरल्या. भर पावसात.

ड्रायव्हर ओरडला, "अम्मा, अंदर बैठो. बुखार आयेंगा."

आजीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं शेठपुढं हात केला. "तुमचं उपरणं द्या."

शेठनी गंमत म्हणून दिलं. आजीनं भिजलेला पदर त्या पांढऱ्या उपरण्यावर पिळला.

लालभडक डाग.

आता मात्र मोटारीत हशा. आजोबांनी मान खाली घातली आणि तेलुगूत म्हणाले, "आत ये. होती नव्हती ती अब्रू गेली."

आजी मराठीत बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पयलं पाणी हाय. सुटा रंग जातोच की. थांबा वाईच."

आणि ती तिथंच उभी राहिली.

आत्या सांगायची, "माज्या परकराचं लाल पाणी पायावरनं चाललं हुतं. दात वाजत हुते. मला वाटलं, गेला आता माजा बा मिलमदी."

थोड्या वेळानं आजीनं पदर पुन्हा पिळला. डाग गुलाबी. हशा कमी झाला. आणखी भिजून पुन्हा पिळला. नुसती छटा. आता माणसं मोटारीतून वाकून बघत होती.

शेवटी तिनं उपरण्याचा कोरा कोपरा धरला आणि अंगात होता तेवढा जोर लावून पदर पिळला.

नुसतं पाणी. लुगडं मात्र तसंच लाल.

शेठनी तो कोपरा उजेडाकडं धरला, उलटसुलट बघितला. मग उपरणं डागांसकट खांद्यावर टाकलं आणि आजोबांना म्हणाले, "दिवाळीचं सूत तुमच्याकडं. आता बाईंना आत घ्या."

ओढा उतरल्यावर मंडळी नळदुर्गला गेली, धबधबाही बघून आली. तो कसा होता हे आमच्या घरात आजवर कुणी सांगितलेलं नाही.

गोष्ट इथं संपायची. मी पन्नाशीची होईपर्यंत इथंच संपायची.

मग माझ्या नवऱ्याची बायपास झाली. ऑपरेशन चालू असताना मी हॉस्पिटलच्या बाकावर पार ढासळले होते. आत्या काठी टेकत आली, शेजारी बसली आणि ठणकावून म्हणाली, "काय बी होत न्हाय त्येला. धडधाकट घरी येतोय बघ."

मी चिडले. "डॉक्टरसुद्धा एवढं बोलत नाहीत. तुला काय माहीत?"

"मी बी आईला हेच इचारलं हुतं," ती म्हणाली. "त्या सहलीवरनं परत येताना. म्हटलं, रंग टिकणार हे तुला ठावं हुतं व्हय?"

"मग?"

"आई न्हाय म्हणली. म्हणली, पण तुजा बा लई घाबरला हुता. दोगंबी घाबरलो असतो तर कसं चाललं असतं?"

नवरा बरा झाला. ही पोस्ट टाकायच्या आधी त्यानंच वाचलीय.

कालपासून बाबा दाराशी बसून आहेत. आत्याचे धाकटे भाऊ, तेही आता नव्वदीच्या घरात. एकच प्रश्न सारखा विचारतायत, "आता कसं व्हायचं गं आपलं?"

मी त्यांचा हात धरला आणि ठणकावून सांगितलं, होईल सगळं नीट.

मला काहीही माहीत नाही, आत्या.

सावकाश जा. नमस्कार.