न विचारता उपयोगी पडणारे गावंडे

दिलीप गावंडे गेल्याची बातमी आमच्या जुन्या ‘गाडी ग्रुप’वर आली, ती एका सुप्रभाताच्या चित्राच्या आणि मधुमेहावरच्या एका काढ्याच्या मधोमध. सकाळी चहा घेताना झटका आला आणि सगळे संपले. बातमीखाली हात जोडलेली चित्रे पडू लागली. मीही एक टाकले... आणि दिवसभर स्वतःवर चिडत राहिलो, कारण त्या माणसाला मी जे देणे लागत होतो ते निश्चितच हात जोडलेले चित्र नव्हते. त्याला आता सहा आठवडे होत आले.

सदाशिव पेठेतून हिंजवडीला जाणाऱ्या माझ्या गाडीत आम्ही चौघे असायचो : मी, मागच्या सीटवर दोन सहकारी आणि माझ्या शेजारी गावंडे. ते यवतमाळचे. कॉलेजात असताना टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम केलेले आणि पुढे आमच्यासारखेच सॉफ्टवेअरमध्ये आलेले. बंद पडलेली वस्तू त्यांना पाहवत नसे, आणि खरे सांगायचे तर चालू वस्तूही फार वेळ पाहवत नसे. ऑफिसातला पाण्याचा कूलर, कोणाच्या घरचा मिक्सर, शेजाऱ्यांची इस्त्री... कोणी विचारण्याची ते वाट पाहत नसत. ज्याच्या उपयोगी पडायचे त्याचा जीव मात्र मेटाकुटीला येई.

फोनमध्ये गाणी भरून ठेवण्याचे ते दिवस होते. माझ्या गाडीसोबत आलेल्या स्टिरिओला मात्र फोन जोडण्याची सोय नव्हती. रेडिओ आणि सीडी, एवढेच. शनिवार पेठेतल्या दुकानदाराने सांगितले होते, हा काढा, नवा बसवा, तासाभरात मोकळे व्हा. मी तयारही झालो होतो. गावंड्यांच्या कानावर गेले आणि संपले.

‘‘चांगला स्टिरिओ काढून टाकता? काहून पण? त्याला फक्त एक तार पाहिजे जी.’’

ती एक तार तीन रविवार चालली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा पुढचा भाग उघडून पडलेला, स्क्रू माझ्या पत्नीच्या वाट्यांत, प्रत्येक तारेला नाव लिहिलेली कागदी चिठ्ठी, आणि मी टॉर्च धरून वाकलेला. पहिला रविवार निव्वळ उघडण्यात गेला. दुसऱ्या रविवारी, सीडीचा आवाज स्टिरिओच्या आत जिथून पुढे जातो, तिथे त्यांनी फोनची तार तापत्या सोल्डरिंग आयर्नने डाख देऊन जोडली. फोनमधला आवाज स्टिरिओवर येईना. मी काही बोललो नाही, पण माझा चेहरा बोलला असावा. तिसऱ्या रविवारी ते एक सीडी घेऊन आले.

‘‘ही लावा साहेब. हिच्यात काहीच नाही.’’

‘‘मग लावायची कशाला?’’

‘‘स्टिरिओला वाटलं पाहिजे ना, का सीडी चालू आहे. मग तो आवाजाची वाट उघडी ठेवतो.’’

गाणे ऐकण्यासाठी आधी न वाजणारी सीडी लावायची! मी कपाळाला हात लावला. पण फोन जोडला, आणि आवाज आला. इतका स्वच्छ, की गावंडे स्टिअरिंगखाली आडवे पडल्या पडल्याच हसले. काम सुरू करण्याआधी ते दर वेळी बॅटरीचे टोक सोडवून ठेवत. आता तपासणी झाली म्हणून त्यांनी ते पुन्हा सोडवले आणि स्टिरिओ जागेवर बसवायला घेतला. आतूनच ते म्हणाले, ‘‘साहेब, बॅटरीचं टोक तेवढं बसवा. पाना लावून घट्ट आवळा बरं.’’ वरून जेवायची तिसरी हाक आली होती. पाना कुठे ठेवला होता ते आठवेना, आणि शोधण्याइतका धीर माझ्यात उरला नव्हता. टोक मी हातानेच दाबले आणि सांगितले, ‘‘बसवलं.’’

त्याच आठवड्यात वाकडच्या पुलापाशी, ऐन गर्दीत, गाडी बंद पडली. मागे कंपन्यांच्या बसची रांग, हॉर्नचा कल्लोळ, आणि इस्त्रीच्या शर्टांत आम्ही गाडी ढकलतो आहोत. मागच्या सीटवरचे एक जण म्हणाले, ‘‘गावंडे, न वाजणारी सीडी झाली, आता न चालणारी गाडी का?’’

‘‘त्या तारेनं गाडी बंद पडतच नाही जी, ती नुसती आवाजाची आहे,’’ गावंडे धापा टाकत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, ‘‘साहेब, बॅटरीचं टोक पाहा ना एकदा.’’

‘‘कृपा करा,’’ मी म्हणालो, ‘‘आता या गाडीला हात लावू नका.’’

दोरी बांधून गाडी घरी आणली, आणि सर्व्हिस सेंटरला नेण्याआधीच मी पाटी तयार केली. पुण्यात माणूस चिडला की भांडत नाही, पाटी लावतो. ऑफिसातल्या प्रिंटरवर सुबक अक्षरांत छापून ती मी स्टिरिओच्या वर चिकटवली : ‘या गाडीत न विचारता उपयोगी पडू नये. तरीही पडल्यास उतरून चालत जावे.’ तिचा फोटो मी मित्रांना पाठवला, आणि दुपारपर्यंत आमच्या इमारतीच्या तीन मजल्यांवर तो फिरला. ‘‘केळकर, काय लिहिलंय!’’ असे म्हणत लोक थांबवून हात मिळवत होते. मला ते आवडले, हे नाकारून आता काय उपयोग?

शनिवारी सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकने झाकण उघडले. ‘‘साहेब, बॅटरीचं टोक नुसतं टेकवलंय. कोणी बसवलं हे?’’

मी म्हणालो, ‘‘असेल कोणीतरी.’’

पाना लावून टोक कसायला त्याला अर्धे मिनिट लागले. म्हणजे पुलावर गावंड्यांनी अचूक सांगितले होते. आणि ते टोक कोणी बसवले होते, हे ठाऊक असूनही मागच्या सीटवरच्या त्या दोघांसमोर माझे नाव घेतले नव्हते. सोमवारी ते गाडीत बसले, पाटी वाचली आणि मोठ्याने हसले. ‘‘भारी आहे जी.’’ मग विचारले, ‘‘काय निघालं गाडीत?’’

‘‘किरकोळ होतं काहीतरी.’’

त्यांनी काच खाली केली. ‘‘बरं झालं.’’

त्या क्षणी पाटी काढणे मला सहज शक्य होते. मी काढली नाही, कारण मागे बसलेल्यांनी ‘का काढली’ असे विचारले असते. पुढे डिंक वाळून ती आपोआप गळून पडली. पण त्याआधीच तिचे काम झाले होते. ऑफिसातला कूलर पुन्हा बिघडला तेव्हा सगळे सवयीने गावंड्यांकडे वळले. ते म्हणाले, ‘‘कंपनीच्या माणसाला बोलवा.’’ मला तेव्हा हायसे वाटले होते... हेही लिहायला हवे. नंतर नोकऱ्या बदलल्या, गाडीची सोबत सुटली. लग्नकार्यात भेट झाली की मी ठरवत असे, आज सांगायचे. मग जेवणाची पंगत उठे.

गेल्या आठवड्यात वारज्याला त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळे सांगितले.

‘‘म्हणजे टोक तुम्ही बसवलं होतं.’’

‘‘हो.’’

‘‘अन् ह्यांना ठाऊक होतं.’’

‘‘हो वहिनी.’’

त्यांनी पदराचे टोक चाचपले. ‘‘शेजारीण मिक्सर घेऊन यायची ना भाऊ, तर हे म्हणत, दुकानात द्या. मला लाज वाटायची. मी म्हणायची, साऱ्या गावाचं करत होते, आता आळस भरला तुमच्या अंगात. वर्षानुवर्षं म्हणत राहिले मी. ते काही बोलले नाही.’’

मी क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले.

‘‘राहू द्या,’’ त्या म्हणाल्या. आवाजात रडू नव्हते, वैताग होता. ‘‘तुम्ही मला सांगून मोकळे झाले. मी आता कोणाला सांगू?’’

त्या चहाच्या कपबशा उचलून आत गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला. खिडकीपाशी गावंड्यांचे दुरुस्तीचे टेबल होते. त्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत रचलेली. पुढच्या कडेला, एकाला खेटून एक, डाख देताना पडलेले काळे चटके होते. ते सगळे सारखेच जुने दिसत होते. त्यांतला शेवटचा कोणता असेल, ते मी वाकून शोधत राहिलो.