दुसऱ्यांच्या दारांचं घर

जुनी घरं पाडणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना पाडूमामाच म्हणायचे. माणूस लोण्याहून मऊ, पण हातात पहार आली की भिंतीची खैर नाही! जन्मभर लोकांची घरं पाडली आणि स्वतः राहिले भाड्याच्या खोल्यांत. शेवटी मामींनी निक्षून सांगितलं, आता आपलं घर हवं, तेही नवं कोरं.

मामांनी काय करावं? पाडकामातून निघालेलं सामानच गोळा करायला लागले. विटांवरचा चुना खरवडला, वाकडे खिळे ठोकून सरळ केले. दारं मिळाली ती एक उंच, एक बुटकं. मग आधी चौकटी उभ्या केल्या आणि त्यांच्या मापाने भिंती चढवल्या. खिडक्या मोडीत निघालेल्या बसच्या, न्हाणीच्या भिंतीत हिरव्या बाटल्या. शेजारीपाजारी त्याला भंगारमहाल म्हणून खिदळत होते, आणि मामी तर भडकल्याच.

"लोकांच्या टाकलेल्या सामानाचं घर मला नको. मी उंबरा ओलांडायची नाही."

मामांना ते फार लागलं. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच येणार नसेल तर ते घर काय चाटायचंय? पण मामाही हट्टाला पेटले होते. छप्पर चढवलंच.

उन्हाळा तापला आणि खिदळणारेच दुपारी त्या गार भिंतींना पाठ टेकायला येऊ लागले. हे कानावर गेलं तशा मामी आल्या. नुसतं बघून जाते, म्हणाल्या. ओट्यावरून हात फिरवला. न्हाणीतल्या हिरव्या उजेडात जरा जास्तच वेळ रेंगाळल्या. मामा मागे मागे. मग मामींनी पुढचं दार आतून लोटलं आणि चाचपून पाहिलं, तर कडीच नाही.

कडी होती बाहेरून! अहो, बिऱ्हाड निघून गेलं की रिकाम्या घराला बाहेरून कडी घालायची, हीच मामांची जन्माची सवय. स्वतःच्या घरालाही तशीच ठोकली होती. मामांचा चेहरा पडला. आता ही निघून जाणार, असं ते धरूनच चालले.

"अहो, कडी आतून बसवा," मामी म्हणाल्या. "मला दार लावून निवांत झोपायचंय."

मामांनी पेचकस घेतला. डोळे इतके भरून आले होते की स्क्रूची खाच काही सापडेना. मामींनीच त्यांचा हात धरून ती दाखवली.