देवरे सरांचे दोन संघ

कॉलेजात रुजू झालो त्या दिवशी मैदानावर एक गृहस्थ दिसले. पांढरेशुभ्र बूट, गळ्यात शिट्टी, पायाखाली दाबलेला फुटबॉल. मी भूगोलाचा माणूस, खेळातलं ज्ञान शून्य. तरी पुढे होऊन अदबीनं विचारलं, "सर, आपण पूर्वी कोणत्या संघाकडून खेळायचात?"

"बाजूला व्हा, सावली पडते," ते म्हणाले. माझ्यामागे फोटोग्राफर उभा होता.

हे आमचे क्रीडा संचालक, देवरे सर. त्यांना बॉलला लाथ मारताना कोणीही कधी पाहिलं नाही. चोपड्याच्या आमच्या एवढ्याशा कॉलेजात मुलांचा एक आणि मुलींचा एक असे दोन फुटबॉल संघ होते. जर्सी मात्र अकराच. फोटोच्या दिवशी त्या आधी मुलं घालत, मग त्याच घामट जर्सी मुली. "फोटो निघाला म्हणजे खेळ झाला," हे सरांचं तत्त्वज्ञान. कोणी शंका काढलीच तर अहिराणीत उतरत, "बठ्ठं कागदवर शे, भाऊ." म्हणजे, सगळं कागदावर आहे.

मुलांचा संघ खरोखरच कागदावर होता, सरावाला कोणी फिरकत नसे. मुली मात्र रोज सकाळी खेळत. सातपुड्यातल्या पाड्यावरून शिकायला आलेली रेखा पावरा त्यांची कर्णधार. विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी, एवढंच तिला हवं होतं, आणि ती व्हायची धुळ्याच्या स्पर्धेतच. सर नावं दोन्ही संघांची पाठवत, अहवालात शोभतात म्हणून. नेत फक्त मुलांना. "पोरींबरोबर बाई न्या, त्यांची खोली बघा. सांगितलंय कोणी?" मुलींना सांगत, यंदा तुमची स्पर्धाच नाही.

रेखाच्या शेवटच्या वर्षी व्यवस्थापक म्हणून मला जुंपलं. धुळ्याला जाताना जीपमध्ये सरांनी कागदांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. आमच्या कॉलेजात सहीचा कागद वाचणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. मी पडलो सभ्य. धडाधड सह्या केल्या.

मुलं नऊ गोलांनी हरली. बाहेर येतात तो समोर आमच्या मुली. मोबाइलवर वेळापत्रक पाहून स्वतःच एसटीनं आलेल्या.

"जर्सी काढा," रेखा मुलांना म्हणाली. "तुमचं झालं ना?"

पोरांनी मुकाट काढल्या. मुलींनी त्या आपल्या टी-शर्टवर चढवल्या. तेवढ्यात संयोजकांनी एक पत्र पुढे केलं : मुलींचा संघ आजारी असल्याने येऊ शकत नाही. खाली माझी सही.

"या आजारी?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच बऱ्या झाल्या," सर म्हणाले.

"मग पत्र खोटं आहे, असं व्यवस्थापकांनी लिहून द्यावं. लगेच खेळवतो."

सर माझ्या कानाशी वाकले. "लिहा, पण चौकशी तुमचीच. सही तुमनी शे."

संयोजकांनी मला पेन दिलं. मी विचार करू लागलो. विचार चालू असतानाच शिट्टी वाजली आणि समोरच्या संघाला पुढे चाल मिळाली.

"आल्याच आहात, तर फोटो काढून घेऊ," सर म्हणाले.

रेखानं जर्सी काढली, नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. मागोमाग बाकीच्या दहा.

सर निवृत्त होऊन आता जळगावात, पिंप्राळ्याला राहतात. भिंतीवर मुलींच्या संघाचे जुने फोटो आहेत. आल्यागेल्याला सांगतात, "या पोरी मी घडवल्या."

धुळ्याहून परतल्यावर मी बायकोला सरांची सगळी लबाडी चढ्या आवाजात ऐकवली. मेथी निवडत तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

"ते कसे आहेत ते कळलं," ती म्हणाली. "पेन तुमच्या हातात किती वेळ होतं?"